सायकलीचा आकडा आणि इगतपुरीचा दगड

नाशिकमध्ये सायकलवाल्यांची कमी नाही, म्हणून संशोधकांचं काम मोजणारा 'एच-इंडेक्स' म्हणजे काय ते सायकलीवरूनच सांगतो. आर्थर एडिंग्टन हे खगोलशास्त्रज्ञ सायकलवेडे होते. त्यांनी स्वतःसाठी एक हिशेब बसवला होता. जितके मैल, तितके दिवस. त्यांचा आकडा ८४ पर्यंत गेला, म्हणजे किमान ८४ मैल सायकल मारल्याचे ८४ दिवस त्यांच्या खात्यात होते. एखाद्याने एकदाच नाशिक-मुंबई एका दमात मारली, तर त्याचा आकडा फार तर एकाने वाढेल. रोज त्र्यंबकेश्वरला जाऊन परत येणारा मात्र हळूहळू तिशी ओलांडतो.

२००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने असाच हिशेब शोधनिबंधांसाठी मांडला. दिवसांच्या जागी निबंध, मैलांच्या जागी सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्या निबंधात आपल्या निबंधाचा केलेला उल्लेख. समजा, एका भूभौतिकी संशोधकाच्या ६ निबंधांना ४०, २२, ९, ५, ४ आणि १ असे उल्लेख मिळालेत. त्याचा एच-इंडेक्स ४, कारण किमान ४ उल्लेखांचे ४ निबंध आहेत, पण किमान ५ उल्लेखांचे ५ नाहीत. पहिल्या निबंधाचे ४० उल्लेख उद्या ४,००० झाले, तरीही ४च!

ही शेवटची ओळ, म्हणजे एका निबंधाचं मोठेपण आकड्यात न दिसणं, भूभौतिकीत फार बोचते. का, ते आपल्याच घाटात दिसतं.

कसारा घाट चढताना रुळांच्या कडेला जो काळा पाषाण दिसतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दख्खनच्या थरांमधल्या तळाकडच्या एका थरसमूहाला भूशास्त्रज्ञ 'इगतपुरी' म्हणतात, आणि त्याला पोटात घेणाऱ्या मोठ्या गटाला 'कळसूबाई'. वडापावसाठी गाडीतून उतरतो त्या स्टेशनचं नाव जगभरच्या निबंधांत येतं, याची मला अजूनही गंमत वाटते.

लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या खनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून बसतात. शुद्ध मॅग्नेटाइटच्या बाबतीत हे सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली घडतं. ती दिशा आडवी आहे की जमिनीत खोल घुसणारी, यावरून तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येतं. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या खडकांवर हे मोजून दाखवलं, की लाव्हा वाहिला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आजच्या मोजणीप्रमाणे साधारण ३० अंश दक्षिणेला. नाशिक आज २० अंश उत्तरेला आहे. डॉइच यांनीच पुढे राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांच्यासोबत दख्खनच्या लाव्हावर आणखी काम केलं. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांना पटत नव्हतं. आणि उल्लेख मोजायची सोयही नव्हती. युजीन गारफिल्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' आली ती १९६४ साली.

घाटातल्या बऱ्याच थरांत ही दिशा चक्क उलटी सापडते, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटलेले होते. अशाच उलट-सुलट पट्ट्या समुद्रतळावर का दिसतात, याचं उत्तर कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांना १९६३ मध्ये सुचलं. त्यांचा निबंध दोन नियतकालिकांनी परत पाठवला. असल्या कल्पना पार्टीत गप्पा मारायला ठीक, असा एका परीक्षकाचा शेरा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा त्याच कल्पनेवरचा निबंध 'नेचर'मध्ये छापून आला. आज त्या गृहीतकात मॉर्लींचं नाव तिसरं घेतलं जातं, पण न छापलेल्या निबंधाला उल्लेख कुठून मिळणार?

उल्लेखांची संख्या अगदीच फोल आहे, असं नाही. एखादी मोजणी किती जणांच्या कामी आली ते त्यातून कळतं. पण दगड गोळा करण्यात, भूकंपाच्या नोंदी जमवण्यात वर्षं जातात, आणि तोवर आकडा हलत नाही. शिवाय एका विषयातला आकडा दुसऱ्याशी ताडून पाहणं म्हणजे घाटातली सायकल आणि सपाटीवरची सायकल एकाच मापाने मोजणं. नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, भूकंपाच्या नोंदी होतात. जिल्ह्यात कुठे हादरा बसला की दुसऱ्या दिवशी पेपरात तिथलाच आकडा आपण शोधतो.