आरटीपार्क, सेंट क्रॉय (यूएस व्हर्जिन आयलंड्स)

आरटीपार्क म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द व्हर्जिन आयलंड्सशी जोडलेलं रिसर्च अँड टेक्नॉलॉजी पार्क, करात सूट देऊन तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणण्यासाठी काढलेलं, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर. सेंट क्रॉय ज्यात येतं ती व्हर्जिन बेटं अमेरिकेनं १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलर मोजून घेतली. २०२० च्या जनगणनेत सगळी बेटं मिळून माणसं भरली ८७,१४६, आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांत याहून जास्त राहतात.

हे पार्क का काढावं लागलं ते समजायला सेंट क्रॉयचं पोट कशावर चालायचं ते बघायला हवं. आधी ऊस, तोही १८४८ पर्यंत गुलामांच्या घामावर पिकवलेला, मग १९६६ च्या सुमारास साखर बंद पडली आणि त्याच वेळी तेलाची रिफायनरी आली, ती इतकी वाढली की एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या रिफायनऱ्यांत तिचं नाव घ्यायचे, आणि २०१२ ला तिलाही टाळं लागलं, जवळपास २,००० नोकऱ्या गेल्या. एवढ्याशा बेटावर हे म्हणजे घराघरात चूल थंड होण्यासारखं. शिकलेली पोरं मग मेनलँडला, म्हणजे मुख्य अमेरिकेत जातात.

पार्कचा कायदा २००२ चा, म्हणजे रिफायनरी चालू असतानाच केलेला, ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. पात्र कंपनीला इन्कम टॅक्समध्ये ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि विद्यार्थ्यांना इंटर्नशिपचा रस्ता उघडतो. ही सूट घ्यायला नुसता इथला पत्ता दाखवून मात्र भागत नाही, २००४ च्या अमेरिकन कायद्यानंतर इथला रहिवासी ठरायला साधारणपणे वर्षातले १८३ दिवस इथे राहावं लागतं.

खरी जमेची बाजू समुद्राखाली आहे. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, पनामा आणि दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या इंटरनेटच्या केबल्स सेंट क्रॉयच्या किनाऱ्यावर वर येतात, म्हणजे माल जहाजात न भरता काम बाहेर विकता येतं.

अडचण विजेची. वीज महाग, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया ही दोन्ही वादळं दोन आठवड्यांच्या आत आली तेव्हा बऱ्याच भागात ती काही महिने परत आली नाही, घरांवर निळ्या ताडपत्र्या लागल्या. इथे छतावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात, ते वर चढवायला पंप लागतो, त्यामुळे वीज गेली की नळही कोरडा.