ड्रेसेज स्पर्धांतील हौशी आणि व्यावसायिक स्वार

घोड्याने ठरलेल्या चाली किती नेटक्या केल्या यावर गुण देणाऱ्या, घोडेस्वारीच्या ड्रेसेज या प्रकारात हौसेखातर घोड्यावर बसणारे आणि त्यावरच पोट भरणारे स्वार पुष्कळदा एकाच वर्गात, एकाच परीक्षकापुढे उतरतात. मोठ्या स्पर्धांत पात्रतेच्या अटींमुळे आपोआप चाळण लागते. स्थानिक स्पर्धेत ती नसते. कारखान्याची पाळी सांभाळून आलेला स्वार आणि दिवसाला सहा-आठ घोडे फिरवणारा प्रशिक्षक यांची नावे तिथे एकाखाली एक लागतात. हे न्याय्य आहे का, हा वाद ड्रेसेज खेळले जाते तिथे सगळीकडे आहे. घोड्याची परंपरा जुनी पण ड्रेसेज नवे, अशा कोल्हापूरसारख्या ठिकाणी तो थोड्या वेगळ्या अंगाने पाहावा लागतो.

खेळाचे स्वरूप

सपाट, शक्यतो वाळूच्या रिंगणात स्वार एकट्याने घोडा घेऊन येतो आणि आधीपासून ठरलेली चाचणी करून दाखवतो. खालच्या पातळीला रिंगण २० × ४० मीटरचे असते, वरच्या पातळीला २० × ६० मीटरचे. लहान रिंगणाच्या कडेला ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशा अक्षरांच्या पाट्या असतात. मध्यबिंदूला एक्स म्हणतात, पण तिथे पाटी नसते. तो स्वाराने नजरेने हेरायचा. ए कडून आत यायचे, मधल्या रेषेवर चालायचे, सी जवळच्या मुख्य परीक्षकाला नमस्कार करायचा, मग साधी चाल, दुडकी, कँटर (मध्यम वेगाची दौड), वर्तुळे, वळणे. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, अर्धा गुणही देता येतो. काही हालचालींचे गुण दुप्पट धरतात. शेवटी बेरजेची टक्केवारी निघते.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला हे सुरुवातीला मिळमिळीत वाटते, यात नवल नाही. हलगीच्या ठेक्यावर पाय उचलून नाचणारा वरातीतला घोडा त्याने पाहिलेला असतो. ड्रेसेजमध्येही जागच्या जागी पाय उचलण्याची पियाफ नावाची हालचाल आहे, मात्र ती ग्रां प्री या सर्वांत वरच्या पातळीच्या आसपास येते, स्थानिक मैदानात दिसत नाही. शिवाय परीक्षक पाहतो ते वेगळेच: घोडा ताणाखाली आहे की मोकळा, तोंडात लगाम शांतपणे धरतो की झटकतो, पाठ सैल आहे की आवळलेली. टाळ्या मिळवणारा घोडा आणि गुण मिळवणारा घोडा एकच असेल असे नाही.

हौशी कोणाला म्हणायचे

वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न संघटनांना फार छळतो. अमेरिकेत १८ वर्षांवरील जो स्वार घोडा फिरवणे, तयार करणे किंवा शिकवणे यासाठी मोबदला घेत नाही तो हौशी ठरतो, आणि प्रौढ हौशींचा वर्ग खुल्या वर्गापासून वेगळा असतो. ब्रिटनमध्ये धंद्याकडे न पाहता स्वार आणि घोडा यांच्या आजवरच्या कामगिरीवरून कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे विभाग पाडतात. दोन्ही पद्धतींत फटी आहेत. गडगंज घरातला स्वार एक पैसाही न घेता रोज चार उत्तम घोड्यांवर बसतो, वर स्वतःचा प्रशिक्षक ठेवतो, आणि नियमाने हौशी राहतो. उलट चार पोरांना रविवारी लगाम धरायला शिकवून घोड्याच्या चंदीचा खर्च काढणारा माणूस व्यावसायिक ठरतो. कामगिरी मोजणारी ब्रिटिश रीत त्यातल्या त्यात शहाणपणाची, कारण परीक्षक पगाराची पावती पाहत नाही, घोड्याची चाल पाहतो.

भारतात आणखी एक गुंता आहे. इथली स्पर्धात्मक घोडेस्वारी बराच काळ लष्कर आणि पोलिसांनी जोपासली. जयपूरची ६१ कॅव्हलरी हे त्यातले सर्वांत परिचित नाव. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचे (ड्रेसेज, मोकळ्या रानातली दौड आणि अडथळ्यांच्या उड्या मिळून होणाऱ्या प्रकाराचे) वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग याच पलटणीचे. सरकारी घोडा, सरकारी मोतद्दार आणि सरावाला मोकळी सकाळ मिळणारा जवान बक्षिसासाठी खेळत नसेल, पण घोड्यावर बसणे हीच त्याची नोकरी असते. खाजगी स्वार त्याला मनातून व्यावसायिकच मानतात.

मराठी मुलखाला ही विभागणी परकी नाही. मराठा फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. संताजी घोरपड्यांची कापशी कोल्हापूर जिल्ह्यातच, कागल तालुक्यात आहे. शिलेदार-बारगीर दोघेही लढून पोट भरणारेच, तेव्हा हौशी-व्यावसायिक हा भेद त्यावर तंतोतंत बसत नाही. पण घोडा कोणाचा, हा मुद्दा आजही तितकाच कळीचा आहे. स्थानिक ड्रेसेजमध्ये व्यावसायिक स्वार बहुधा मालकाच्या घोड्यावर बसलेला असतो, तर हौशी स्वार स्वतःच्या. घोडा घसरला, लंगडला तर दुसरा नाही, या धाकाने हौशी स्वार जपून बसतो, आणि जपून बसणे घोड्याला लगेच कळते.

एका पदकाची गोष्ट

ऑलिंपिकमध्ये ड्रेसेज १९१२ च्या स्टॉकहोम स्पर्धेपासून आहे. पहिली काही दशके ते कमिशन मिळालेल्या लष्करी अधिकाऱ्यांपुरते होते. अधिकारी म्हणजे सभ्य हौशी, आणि हाताखालचा सार्जंट म्हणजे घोड्यावर मजुरी करणारा, असा त्यामागचा हिशेब. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकले. पुढे असे निघाले की संघातले गेनॅल पेर्सन खऱ्या अर्थाने कमिशन्ड अधिकारी नव्हते, स्पर्धेपुरती त्यांना बढती दिली होती. पदक काढून घेतले गेले आणि सुवर्ण फ्रान्सकडे गेले. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेला नियम बदलला. इतर हुद्द्यांचे सैनिक, नागरिक आणि स्त्रिया यांना दार उघडले. त्या वर्षी स्वीडनने पेर्सन यांच्यासह त्याच तिघांना घेऊन पुन्हा सुवर्ण जिंकले. पोलिओमुळे गुडघ्याखाली पायांत बळ नसलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून वैयक्तिक रौप्य मिळवले. तेव्हापासून या खेळात स्त्री-पुरुष एकाच यादीत येतात.

हौशी हा शब्द तेव्हा वरच्या पायरीवरच्या माणसाचे संरक्षण करत होता. आज तो खालच्या पायरीवरच्याला आडोसा म्हणून मागितला जातो.

गुणांचे गणित

हौशी स्वार मागे पडतो तो हिमतीत नव्हे, तासांत. व्यावसायिकाच्या बुडाखालून रोज वेगवेगळ्या पाठीचे, वेगवेगळ्या स्वभावाचे घोडे जातात. हौशीला आठवड्यातल्या चार-पाच सकाळी एकच घोडा मिळतो. त्यामुळे घोड्याने खांदा बाहेर टाकला की व्यावसायिकाची पोटरी आपसूक लागते, हौशीला ते दोन पावलांनंतर उमगते. रिंगणात दोन पावले म्हणजे अर्धा गुण.

हा अर्धा गुण किती मोठा असतो? प्रत्येक गुण दहापैकी असल्याने, सगळ्या हालचालींत सरसकट अर्धा गुण जास्त मिळाला तर टक्केवारी बरोबर ५ ने वाढते. ६२ चे ६७ होतात. आणि खालच्या पातळीवर यातला बराचसा भाग घोड्याच्या किमतीवर अवलंबून नसतो. ए किंवा सी पाशी काढलेले २० मीटरचे वर्तुळ घ्या. लहान रिंगणात ते दोन्ही लांब बाजूंना जेमतेम स्पर्श करते आणि एक्समधून जाते. हौशी स्वार ते कोपऱ्यात ढकलतो आणि वर्तुळाचे अंडे होते. कोपरा खोल घेणे, अक्षराशी स्वाराचे शरीर आले की तिथेच चाल बदलणे, थांबताना चारही पाय चौकोनात आणणे, वळणाआधी बैठकीने घोड्याला सावध करणे, हे रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या थरोब्रेडवरही जमते. भारतातल्या अनेक रायडिंग क्लबांत असेच घोडे आहेत. सरळ, वेगात पळण्यासाठी घडलेल्या या घोड्याला आखडून, मागच्या पायांवर वजन घेऊन चालायला शिकवायला वेळ लागतो. युरोपातून आणलेल्या वॉर्मब्लड (अशा खेळांसाठी पैदास केलेल्या) घोड्याची दुडकी मुळातच ऐसपैस असते. वरच्या वर्गांत हा फरक भरून निघत नाही.

आशियाई पातळीवर भारताने ड्रेसेजमध्ये अलीकडे जे मिळवले ते युरोपच्या वाटेने. २०२३ मध्ये हांगझोऊ इथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसेजचे सांघिक सुवर्ण जिंकले. चौघेही लष्कराबाहेरचे, तरुण, आणि युरोपात राहून तयारी केलेले. अगरवाला यांनी वैयक्तिक कांस्यही मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ड्रेसेजला उतरणारे ते पहिले भारतीय ठरले. पगार न घेता व्यावसायिकासारखे राहणारा हा स्वार हौशी की व्यावसायिक, हे ठरवत बसण्यात फारसा अर्थ नाही.

कोल्हापुरातील संदर्भ

कोल्हापूरला स्पर्धेची भाषा कळते ती कुस्तीतून. शाहू महाराजांच्या काळात बांधलेल्या खासबाग मैदानात आजही वस्ताद मंडळी जोड पाहून कुस्ती लावतात. कालचे पोर नावाजलेल्या मल्लासमोर कोणी उभे करत नाही. ड्रेसेजच्या खुल्या वर्गात जोड लावणारा कोणी नसतो, हे इथल्या माणसाला खटकते. पण ड्रेसेजमध्ये प्रतिस्पर्ध्याचा हात अंगाला लागत नाही. शेजारचा ७० टक्के घेऊन गेला म्हणून आपले ६१ कमी होत नाहीत, आणि परीक्षकाच्या शेऱ्यांसह गुणपत्रिका हातात मिळते. ‘घोडा घाईत’, ‘कोपरा कापला’, ‘थांबा वाकडा’ असे चार शब्द पुढच्या महिन्याच्या सरावाला पुरतात.

वेगळा वर्ग मागणाऱ्यांची अडचण संख्येची आहे. शंभर नावे येतात तिथे हौशी, व्यावसायिक, कनिष्ठ असे तुकडे पाडता येतात. पंधरा घोड्यांच्या स्पर्धेत तेच केले तर एका वर्गात दोन स्वार उरतात आणि दुसरा क्रमांक म्हणजे शेवटचा क्रमांक होतो. लहान गावाला त्यापेक्षा परवडणारी सोय म्हणजे वर्ग एकच, चाचणी एकच, पण निकालाच्या याद्या दोन: एक सर्वांची, दुसरी फक्त हौशींची. तोच परीक्षक, तेवढाच वेळ, फक्त दोन-तीन रिबिनी जास्त. याच्या जोडीला व्यावसायिकांना सर्वांत खालच्या वर्गात केवळ नवशिक्या घोड्यावर उतरू द्यावे, ही अटही पुष्कळ तक्रारी मिटवते.

इथल्या हवामानाचाही वाटा आहे. जून ते सप्टेंबर पावसात उघड्या मैदानाचा चिखल होतो. घसरत्या जमिनीवर वर्तुळे घ्यायला लावली तर घोड्याचे स्नायू आणि सांधे दुखावतात. छताखालचे रिंगण ज्याच्या हाताशी नाही तो हौशी स्वार दसऱ्याला पुन्हा शून्यातून सुरू करतो. मोठ्या स्पर्धेसाठी पुणे गाठायचे तर रस्ता सुमारे २३० किलोमीटरचा. व्यावसायिक आपल्या गाडीत तीन-चार मालकांचे घोडे चढवतो आणि भाडे वाटले जाते. एका घोड्याच्या मालकाला तेच भाडे, मोतद्दाराचा मुक्काम आणि प्रवासानंतर घोड्याला द्यावा लागणारा विसाव्याचा दिवस एकट्याने सोसावा लागतो.