ग्लायकोसाइड-विघटन, आतड्यातील

वनस्पतींतील शर्करायुक्त संयुगांचे (ग्लायकोसाइडांचे) आतड्यातील जीवाणूंच्या विकरांमुळे (एन्झाइमांमुळे) होणारे विच्छेदन. या संयुगांत शर्करा दुसऱ्या शर्करेला किंवा शर्करेतर भागाला जोडलेली असते. हा बंध तोडणारी विकरे मानवी शरीरात थोडीच आहेत. याउलट बॅक्टेरॉइडिस थेटायोटाओमायक्रॉन या आतड्यातील एकाच जीवाणूच्या, २००३ मध्ये उलगडलेल्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकसंचात) अशा अडीचशेच्या आसपास विकरांची जनुके आढळतात.

घेवडा वातूळ मानला जातो तो याच कारणाने. सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या वाघ्या घेवड्यात, इतर कडधान्यांप्रमाणेच, राफिनोज व स्टॅकिओज या शर्करा असतात. त्यांतील गॅलॅक्टोजचा बंध तोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथे जीवाणू त्या आंबवतात. त्यातून वायू होतो, तसेच आतड्याच्या अस्तराला पोसणारे ब्युटिरिक अम्लही. रात्री भिजत घातलेल्या घेवड्याचे फेसाळ पाणी सकाळी ओतून देतात, त्याबरोबर या शर्करांचा काही अंश जातो. मोड आणल्यास बीजातील स्वतःचे विकरच त्या कमी करते.

बंध नेमका कसा तुटतो, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कोशलंड यांनी १९५३ मध्ये असे मांडले की, काही विकरांत शर्करा प्रथम विकरालाच सहसंयुजी बंधाने (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणाऱ्या पक्क्या बंधाने) चिकटते व मग पाण्याचा रेणू तिला सोडवतो. अशा वेळी शर्करेची त्रिमितीय मांडणी कायम राहते. इतर विकरांत पाणी एकाच पायरीत बंध तोडते आणि मांडणी उलटते. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम या शर्कराबंध तोडणाऱ्या विकराची रचना १९६५ मध्ये उलगडल्यावर डेव्हिड फिलिप्स यांनी मात्र विकराला न चिकटलेल्या, सुट्या धनभारित मध्यस्थाची (विक्रियेत मध्येच तयार होणाऱ्या अल्पजीवी शर्करेची) कल्पना पुढे आणली, व पाठ्यपुस्तकांत तीच रूढ झाली. २००१ मध्ये त्याच लायसोझाइमात विकराला सहसंयुजी बंधाने चिकटलेला मध्यस्थ दिसून आल्याने कोशलंड यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

काही विकरे यांपैकी कोणत्याच मार्गाने जात नाहीत. एनएडी या सहविकराच्या (विकराला मदत करणाऱ्या लहान रेणूच्या) साह्याने ती शर्करेच्या तिसऱ्या कार्बनाचे तात्पुरते ऑक्सिडीकरण करतात. त्याने बंध सैल होतो. शर्करा थेट कार्बनाला जोडलेली असेल, तर साध्या जलीय विच्छेदनाने ती सुटत नाही. तेथे ऑक्सिडीकरणाचा हा मार्ग विशेष महत्त्वाचा ठरतो. सह्याद्रीच्या रानातील घोडवेलीच्या कंदातले पुएरारिन हे संयुग अशा, कार्बनाला जोडलेल्या प्रकारचे आहे. (विदारीकंद म्हणून घोडवेलीबरोबरच भुईकोहळ्याचा कंदही घेतला जातो. ही आयपोमिया प्रजातीतील वेगळी वेल असून येथे ती अभिप्रेत नाही.)

सोनामुखीतील सेनोसाइडे ही शर्करायुक्त संयुगे स्वतः रेचक नसतात. मोठ्या आतड्यातील जीवाणूंनी शर्करा काढून घेतल्यावरच ती गुणकारी होतात. रात्री घेतलेल्या सोनामुखीचा गुण सकाळी दिसतो तो त्यामुळेच.

सांगली-साताऱ्यात कृष्णाकाठी पिकणाऱ्या सोयाबीनमधील डेडझिन या ग्लायकोसाइडापासून शर्करा सुटली की डेडझिइन हा शर्करेतर भाग उरतो व काही जीवाणू त्याचे पुढे इक्वोल हे संयुग बनवतात. हे जीवाणू सर्वांच्या आतड्यात नसतात. त्यामुळे एका पंगतीत तेच सोयाबीन खाल्लेल्या दोघांपैकी एकाच्याच लघवीत इक्वोल सापडणे शक्य असते.