तुळशीबाग-मंडई परिसर (पुणे)

पुण्याच्या जुन्या गावठाणातला देवळे, बाजार आणि खरेदीचे रस्ते यांचा सलग पट्टा. उत्तरेला शनिवारवाडा आणि कसबा पेठ, दक्षिणेला महात्मा फुले मंडई, पश्चिमेला बाजीराव रस्ता, पूर्वेला रविवार पेठेतली बोहरी आळी, अशी त्याची ढोबळ हद्द सांगता येईल. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचे अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे, पण रमतगमत निघालेल्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो. कोथरूड-कर्वेनगरला राहायला गेलेली मंडळी इकडे यायचे झाले की आजही ‘जरा गावात जाऊन येतो’ असेच म्हणतात.

या भागात देऊळ आणि दुकान वेगळे काढता येत नाही. देवळाच्या ओवरीत बांगड्यांचा गाळा असतो, बाजारावरून देवाला नाव पडते आणि त्याच देवावरून पुढे चौकाला. नुसती देवळे पाहायला आलेला किंवा नुसती खरेदी करायला आलेला, दोघांचेही काहीतरी राहून जाते.

पेठांची घडण

कसबा ही सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती तिथेच आहे आणि त्याचे देऊळ जिजाबाईंनी उभारले असे मानतात. शेजारच्या लाल महालात शिवाजी महाराजांचे बालपण गेले, तिथेच एप्रिल 1663 मध्ये शाइस्ताखानावर छापा पडला. आज दिसणारी लाल महालाची इमारत मात्र विसाव्या शतकातली आहे. कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली. आजच्या बुधवार पेठेचे औरंगजेबाच्या काळातले नाव मोहियाबाद, शुक्रवारचे विसापूर आणि गुरुवारचे वेताळ पेठ. वारांची नावे पेशवाईत रुळली. पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी केल्यावर सरदार, सावकार आणि कारागीर पुण्याकडे लोटले. सदाशिव, नारायण, रास्ता, घोरपडे या पेठा माणसांच्या नावांनी वसल्या. नाना पेठ आधी हनुमान पेठ होती, ती नाना फडणविसांमुळे नाना झाली.

एवढ्या वस्तीला पाणी पुरवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी 1749 पासून कात्रजहून दगडी नळ आणून पेठोपेठी हौद भरले. हौदाला पाणी आले तशी त्याच्या कडेने दुकानदारी वाढली. देवळाबाहेर बाजार भरण्याची इथली सवय अशी पाण्याच्या सोयीशीही बांधलेली आहे.

देवांची नावे

पुण्याचे देव त्यांच्या नावांमुळे महाराष्ट्रभर ओळखीचे झाले. परक्या माणसाला ती थट्टा वाटते, पण बहुतेक नावांत त्या जागेची नोंद सापडते. पासोड्या विठोबाशेजारी पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या पांघरुणांचा बाजार होता. सोन्या मारुती सराफांच्या दुकानांत बसलेला. जिलब्या मारुतीला लागून हलवायाचे दुकान होते, त्याच्या जिलब्यांची माळ मारुतीच्या गळ्यात पडे. भिकारदास मारुतीच्या नावात भिकारी कोणी नाही, भिकारदास नावाचा गुजराती सावकार त्या जागेचा मालक होता. नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या झुडपात सापडला म्हणतात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी त्याच्याकडे मुक्कामाला असते. ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाकडे उतरते, त्यामुळे ते दोन दिवस बाजाराचा सगळा नूर पालटतो.

काही नावांमागे रक्तही आहे. सदाशिव पेठेतल्या खुन्या मुरलीधराच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी, 1797 साली, शस्त्रे चालली आणि माणसे मेली. गणेश पेठेतला डुल्या मारुती पानिपताच्या वेळी डुलला, अशी आख्यायिका आहे. गुपचूप गणपती, चिमण्या गणपती, उपाशी विठोबा, पत्र्या मारुती अशी ही यादी बरीच लांबते. मुद्दा एवढाच की ही नावे पुजाऱ्यांनी ठेवलेली नाहीत. वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पत्ता सांगताना ती पाडली, आणि रिक्षावाले आजही याच पत्त्यांवर चालतात.

तुळशीबाग

आज ‘तुळशीबाग’ म्हटले की टिकल्या, क्लिपा, खोटे दागिने, पर्स आणि कुर्ते डोळ्यांसमोर येतात. मूळ तुळशीबाग हे रामाचे देवस्थान आहे. पेशव्यांचा खासगी कारभार पाहणाऱ्या खासगीवाल्यांच्या ताब्यातली ही जागा तुळशीची बाग होती. साताऱ्याकडच्या पाडळीहून पुण्यात आलेले नारो आप्पाजी खिरे आधी त्यांच्या पदरी होते, पुढे ते पुण्याचे सुभेदार झाले. त्यांनी 1761 च्या सुमारास इथे रामाचे देऊळ बांधायला घेतले आणि त्या जागेवरून घराण्याचे आडनावच तुळशीबागवाले पडले. ज्या वर्षी पानिपतावर मराठी फौज कापली गेली, त्याच सुमारास राजधानीत एवढे मोठे बांधकाम सुरू होते.

गल्लीच्या गर्दीतून आत शिरणारा दरवाजा सहज चुकतो. दोन्ही बाजूंनी ओढण्या आणि पिशव्या लोंबत असतात, त्यामुळे तोही एखादा गाळाच वाटतो. चार पावले आत टाकली की बाहेरचा कलकलाट खाली बसतो. फरसबंद चौक, लाकडी सभामंडप, समोर हात जोडलेला मारुती, भोवतीने गणपती-महादेवाची लहान देवळे. वर पाहिले तर सुमारे 140 फूट उंचीचे शिखर, कोनाड्याकोनाड्यांत मूर्ती बसवलेले. रस्त्यावरून हे शिखर धड दिसत नाही. चैत्रात रामनवमीच्या दुपारी बारा वाजता पाळणा हलतो तेव्हा मात्र खरेदीची गर्दी आणि दर्शनाची गर्दी एकच होऊन जाते.

देवळाच्या आवारात आणि भोवती जी दुकाने आली ती आधी पूजेच्या गरजेची: समया, ताम्हने, निरांजने, पळी-पंचपात्र, देवांचे मुकुट आणि कपडे. मग आले संसाराचे, म्हणजे पितळी डबे, सोऱ्या, पुरणयंत्र. आणि त्यांच्या कडेने भातुकली. बोटभर उंचीचा स्टोव्ह, मुठीत मावणारे पोळपाट-लाटणे, खरोखर फिरणारे जाते, नखाएवढी किसणी, बंब, पाट, विळी. माझ्या मते तुळशीबागेत एकच वस्तू घ्यायची असेल तर ती ही. तुळशीबागेतल्या भातुकलीच्या पितळी भांड्यांना कल्हई करून घेणाऱ्या आज्या होत्या, आणि ही भांडी पुढच्या पिढीला दिली जात.

घासाघीस हा इथला रीतसर व्यवहार आहे. ‘या ताई, बघायचे पैसे नाहीत’ या हाकेने सुरुवात होते, ‘बोला, किती देणार?’ येथे पेच पडतो आणि गिऱ्हाईक दोन पावले पुढे सरकले की भाव उतरतो. आतल्या जुन्या भांडीवाल्यांकडे हे चालत नाही. तिथे भांडे तराजूवर जाते, किलोचा भाव ठरलेला असतो आणि वाद घालणाऱ्याकडे चष्म्यावरून पाहिले जाते.

मंडई

पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरत असे. तो हलवण्यासाठी नगरपालिकेने शुक्रवार पेठेत बांधलेली इमारत 1886 साली खुली झाली. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. मधला अष्टकोनी मनोरा, टोकदार कमानी आणि मनोऱ्यापासून फाकलेल्या पाखी अशी तिची गॉथिक धाटणी आहे. दगडातल्या त्या कमानींखाली ओट्यावर मांडी घालून बसलेली भाजीवाली, तिच्या भोवती मेथी-चाकवताच्या जुड्यांची उतरंड आणि वर लोंबणारा पिवळा दिवा हे चित्र एवढ्या वर्षांत फारसे बदललेले नाही.

नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा अशी त्यांची भूमिका होती. पुढे 1938 मध्ये याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले. नामांतरासाठी आचार्य अत्रे झटले. पुण्यात असे बरेचदा घडते.

मंडईजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1924 साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक येथूनच निघते: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती याच क्रमाने. त्यांतला तुळशीबागेचा गणपती बाजाराचाच आहे. मिरवणूक संपायला पुष्कळदा चोवीस तासांहून अधिक लागतात. भाजीचा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यापासून मंडईत किरकोळ विक्रीच उरली. कट्ट्यावर रंगणाऱ्या राजकीय गप्पांचे ‘मंडई विद्यापीठ’ मात्र नावापुरते तरी टिकून आहे.

रस्ते आणि गल्ल्या

लक्ष्मी रस्ता साड्या आणि सोन्यासाठी. दगडूशेठ हलवायांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावरून त्याला हे नाव पडल्याचे सांगतात. बुधवार पेठेतले दत्तमंदिरही त्यांच्याच नावाचे. लक्ष्मी रस्ता आणि शिवाजी रस्ता जिथे छेदतात तिथे नाना फडणविसांचे बेलबाग हे विष्णूचे देऊळ आहे. चौक सगळ्यांना ठाऊक असतो, देवळात जाणारे थोडे. जवळच दगडूशेठ गणपती, आणि त्याच्या समोर भिडे वाडा होता, जिथे 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मोडकळीला आलेला तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला.

अप्पा बळवंत चौक, म्हणजे बोलण्यातला ‘एबीसी’, पाठ्यपुस्तकांचा. नाव सरदार मेहेंदळ्यांचे. जून महिन्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. तपकीर गल्लीत आता तपकीर मिळत नाही, विजेचे सामान मिळते. बोहरी आळीत खिळ्यापासून रंगापर्यंत सगळे घाऊक. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. त्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब रस्त्याच्या पलीकडून पाहावेत, जवळून मान दुखते. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार या हद्दीच्या जरा बाहेर पडतो, तरी जुनी नाणी, कुलपे आणि ग्रामोफोनचे शौकीन तिथवर जातातच.

तांबट आळी

कसबा पेठेत आवाजाच्या मागाने जावे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कुटुंबांची ही आळी. एके काळी इथे शिक्के, तोफांचे भाग आणि भांडी घडत. नंतर बंब, हंडे, घंगाळी. तांब्याचा पत्रा कापून, भट्टीत तापवून मऊ करतात, ठोकून आकार देतात, सांधतात आणि आंबट पाण्याने उजळतात. शेवटचे काम मठारण्याचे. भांडे लोखंडी दांड्यावर फिरवत गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोके मारायचे, ओळ न सोडता. प्रत्येक ठोक्याने पत्रा घट्ट होतो आणि उजेड पकडणारी बारीक खळी उमटते. कारागीर बोलता बोलता मठारतो, डोळा मात्र हातावर. गिझर आल्यावर बंब गेले. आता दिव्यांच्या शेड, कुंड्या आणि पाण्याच्या बाटल्यांवर आळीची भिस्त आहे. आतल्या खोल्यांतून हातोडीचा ठेका अजून येतो, पण पूर्वीसारखा दारोदारी नाही.

तिथून पूर्वेला, नागझरी ओढ्याच्या काठी सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे. खरेदीच्या वाटेवर नसल्याने तो शांत. भीमगिरजी गोसावी यांनी 1754 मध्ये पाया घातला, मूर्ती 1770 मध्ये बसली. काळ्या दगडात इतके दाट कोरीवकाम पुण्यात दुसरीकडे नाही. दर्शनी भिंतीवर एक साहेबी शिपाई गेंड्याला साखळीने जखडतो आहे. आत संस्कृतबरोबर फारसीतलाही लेख आहे. मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती शेंदराखाली झाकलेली असते.

आजची स्थिती

12 जुलै 1961 च्या पानशेत पुराने नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे पाडले. जे वाचले ते गोठलेली भाडी आणि मालकांच्या वाटण्या यांत खंगले. वाड्यांच्या जागी तळमजल्यावर दुकाने आणि वर सदनिका अशा इमारती आल्या. गल्ल्यांची रुंदी मात्र पालखी जाईल एवढीच राहिली. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो कसबा आणि मंडई येथे थांबते. गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मा दिवस घालवणाऱ्यांची त्यामुळे सुटका झाली आहे.

पाहायला यायचे तर सकाळी आठच्या आत कसब्यापासून निघावे. तेव्हा देवळे उघडी असतात, दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात आणि दरवाजांचे कोरीवकाम दिसते. अकरानंतर बाजार जागा होतो. एक ते चार या वेळेत जुन्या धाटणीच्या दुकानात शिरू नये. ही वामकुक्षी आता बरीच विरळ झाली असली, तरी जिथे आहे तिथे ती पाळली जाते. संध्याकाळी पाचनंतर तुळशीबागेत माणूस चालत नाही, गर्दी त्याला पुढे नेते. दिवाळीआधीच्या रविवारी तर शिरताना पिशवी छातीशी धरावी, आणि बरोबरच्या माणसाला आधीच सांगून ठेवावे की चुकामूक झाली तर जिलब्या मारुतीपाशी भेटू.