कुलाब्यातील सौर बॉयलर

सौरऊर्जेच्या इतिहासात १९५४ साली बेल प्रयोगशाळेने सादर केलेल्या सिलिकॉनच्या सौरघटाला मानाचे स्थान मिळते आणि ते योग्यच आहे. मात्र उन्हाने पाणी उकळून वाफेवर यंत्र चालवण्याची परंपरा त्याहून बरीच जुनी आहे, आणि तिच्यातील एक मूलभूत कल्पना १८७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत प्रत्यक्षात उतरली, हे आपल्याकडे फार कमी सांगितले जाते.

विल्यम ॲडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होते. हिंदुस्थानात दगडी कोळसा महाग पडत असे. ऊन मात्र मुबलक होते. फ्रान्समधील गणिताचे शिक्षक ऑग्युस्त मूशो यांनी धातूच्या मोठ्या शंकूसारख्या परावर्तकाच्या मध्यभागी बॉयलर ठेवून वाफ तयार केली होती, आणि ॲडम्स यांनी त्यांच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला होता. त्या रचनेतील दोन अडचणी त्यांना जाणवल्या. चांदीचा मुलामा दिलेला धातू उघड्या हवेत काळवंडतो. शिवाय अधिक शक्ती हवी असेल तर परावर्तक एवढा अवजड होतो की सूर्याच्या मागोमाग तो फिरवणे कठीण जाते.

ॲडम्स यांनी बॉयलर एका जागी स्थिर ठेवला आणि हलवण्याचे काम आरशांकडे सोपवले. काचेचे साधे सपाट आरसे एका चौकटीवर असे बसवले, की प्रत्येकाचे कवडसे एकाच ठिकाणी पडावेत. ही चौकट बॉयलरभोवती अर्धवर्तुळाकार मार्गावर सरकवता येई. दिवसातून तीन-चार वेळा एका माणसाने ती हलवली तरी पुरे, असा त्यांचा हिशेब होता. १७ इंच बाय १० इंच मापाच्या ७२ आरशांनी २० फुटांवरचे लाकूड पेटले. पुढे याच पद्धतीने त्यांनी कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला आणि तो पाहण्यासाठी लोकांना बोलावले.

या रचनेचे खरे मोल तिच्या वाढवता येण्यात आहे. जास्त उष्णता हवी असल्यास एकच प्रचंड आरसा घडवण्याऐवजी लहान आरशांची संख्या वाढवायची. बॉयलर स्थिर असल्याने वाफेचे नळही हलवावे लागत नाहीत. मला हा विचार मूशो यांच्या देखण्या यंत्रापेक्षाही अधिक दूरदर्शी वाटतो. कोळसा स्वस्त होत गेला तसे अशा प्रयत्नांना पाठबळ उरले नाही. तरीही १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या १० मेगावॉटच्या ‘सोलर वन’ प्रकल्पात हेच तत्त्व दिसते: मध्यभागी मनोरा, त्यावर उष्णता झेलणारा भाग आणि सभोवती सूर्याचा माग घेणारे आरसे.

ॲडम्स यांचे यंत्र उन्हाबरोबरच थांबत असे, आणि ही उणीव भरून निघायला शतकाहून अधिक काळ लागला. स्पेनमधील ‘हेमासोलार’ केंद्रात सुमारे २,६५० आरशांची उष्णता वितळलेल्या क्षारांत साठवली जाते आणि त्या साठ्यावर सूर्यास्तानंतर सुमारे पंधरा तास वीजनिर्मिती चालू ठेवता येते.