पेट्रोलच्या पोटी जन्मलेली बोट

पणजीहून मांडवीपलीकडे बेती-वेरेंला सोडणाऱ्या मोटरलाँचला जुनी माणसं 'गाझोलीन' म्हणत. मूळ पोर्तुगीज शब्द गाझोलीना, म्हणजे पेट्रोल. इंधनाचंच नाव बोटीला चिकटलं. आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या छोट्या स्पीडबोटी विजेवर चालवता येतील का, अशी चर्चा निघते तेव्हा मला ते नाव आठवतं. कारण अडचण त्या नावातच आहे.

विजेची बोट पेट्रोलच्या बोटीहून जुनी. मोरिट्झ याकोबीने १८३८-३९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीत डझनभर माणसं बसवून विजेवर होडी चालवली होती. तेव्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरीसुद्धा नव्हती. शिसे-आम्लाची बॅटरी गास्तों प्लांतेने केली १८५९ साली. पुढे १८८१ मध्ये पॅरिसला गुस्ताव्ह त्रुवेने सुकाणूवरच मोटर बसवली, खाली पंखा जोडला आणि सगळं जसंच्या तसं उचलून काढता येईल असं यंत्र सेन नदीत उतरवलं. होडीच्या पिछाडीला टांगायचं इंजिन, आपण ज्याला आउटबोर्ड म्हणतो, ते आधी असं विजेवर आलं. ओले एव्हिनरूडचं दीड अश्वशक्तीचं पेट्रोल आउटबोर्ड बाजारात आलं १९०९ मध्ये. मधल्या काळात टेम्स नदीवर विजेच्या लाँचसाठी चार्जिंगचे धक्के उभे राहिले होते आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ५५ विजेच्या लाँचनी दहा लाखांवर माणसं फिरवली होती.

या सगळ्या बोटी संथ होत्या. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या. अशा बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो: पाण्यातली लांबी १५ फूट असेल तर साधारण ५ नॉट, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटर. त्यापुढे रेटलं की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. तो चढ पार करून पाण्याच्या पाठीवरून घसरत जायचं, म्हणजे प्लेनिंग करायचं, ही कल्पना १८७२ मध्ये इंग्लंडच्या एका पाद्र्याने, चार्ल्स रॅमसने, तिथल्या नौदलापुढे मांडली. (पाद्री हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलेला.) जहाजांचे अभियंते विल्यम फ्राउड यांनी त्या बोटीचे नमुने तपासले. कल्पना चुकीची नव्हती, पण एवढी ताकद एवढ्या कमी वजनात देणं वाफेच्या इंजिनाला शक्य नव्हतं. ते जमलं हलकी पेट्रोल इंजिनं आल्यावर, १९१० च्या आसपास. प्लेनिंगची बोट ही अशी पेट्रोलच्या पोटी जन्मलेली आहे. तिच्यात बॅटरी बसवताना लोक मोटरचे किलोवॅट मोजतात, पण तिच्या जन्माची अट वजनाची होती.

ती अट काय असते ते गोव्यातल्या नेरूलच्या खाडीतून बाहेर पडताना कळतं. आम्ही सहाजण आणि बोटवाला, मागे ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड. त्याने मूठ पूर्ण पिळली. बोटीचं नाक आभाळाकडे, पिछाडी पाण्यात, इंजिन कोकलतंय आणि वेग काही वाढत नाही. "फुडें येयात, फुडें!" मागच्या बाकावरचे दोघे उठून पुढे सरकले, नाक खाली आलं आणि बोट सुटली. लगेच त्याने मूठ सैल केली, तरी वेग तोच राहिला. चढावर ताकद सगळ्यात जास्त लागते, नंतर थोडी कमी. सव्वाशे-दीडशे किलो वजन बाकभर इकडून तिकडे गेलं, तेवढ्याने हा फरक पडला.

आता बॅटरीचं वजन मांडा. वीजबिलातलं युनिट (म्हणजे एक किलोवॅट तासभर) घेतलं तर एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. आउटबोर्ड त्यातली चार-पाच हिश्श्यांतली एकच पंख्यापर्यंत पोचवतं, बाकी गरमीत जाते. तरीही २५ लिटरच्या टाकीतून पंख्याला ५० एक युनिट मिळतात, आणि त्या पेट्रोलचं वजन १९ किलोच्या आत. शिसे-आम्लाच्या बॅटरीत किलोला ०.०३-०.०४ युनिट मावतं. तिने प्लेनिंगचा विषयच नको. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. आज तिच्यातल्याच लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकाराच्या तयार पेटीत किलोला ०.१२ च्या आसपास धरता येतं. म्हणजे ५० युनिटांना ४०० किलो. बोटीत मग पर्यटक बसवायचा कुठे? शिवाय पेट्रोल जळेल तशी टाकी हलकी होते. रिकामी बॅटरी भरलेल्या बॅटरीइतकीच जड.

आपल्याकडे विजेच्या बोटींचा विषय निघाला की केरळचं नाव येतं, आणि ते योग्यच आहे. वैकम-तवणक्कडव मार्गावर २०१७ पासून 'आदित्य' ही सौर फेरीबोट धावते. ७५ प्रवासी, २०-२० किलोवॅटच्या दोन मोटारी. पण तिच्याकडे बोट दाखवून स्पीडबोटीबद्दल बोलणं म्हणजे बैलगाडी बघून घोड्याचा भाव ठरवणं. आपल्या बोटवाल्याचे ४० एचपी म्हणजे ३० किलोवॅट, तेही सहा पर्यटकांसाठी! स्टॉकहोममध्ये कँडेला कंपनीच्या विजेच्या फेरीबोटीने वेगळी वाट काढली: पाण्याखालच्या पंखांवर सगळी बोट वर उचलायची, म्हणजे तळ पाण्याला घासतच नाही. पण त्यासाठी बोट मुळापासून वेगळी बांधावी लागते.

जुन्याच फायबरच्या बोटीत बदल करायचा तर फेरीचं गणित आधी करावं. नेरूलहून आग्वाद किल्ल्याच्या बाहेर समुद्रात ५ किलोमीटर धरू. ताशी ३० च्या वेगाने जाऊन-येऊन २० मिनिटं, १८ ते २० किलोवॅटने, म्हणजे सहा-साडेसहा युनिट. डॉल्फिन दिसेपर्यंत संथ घिरट्या ४० मिनिटं. त्यांना दीड युनिटही लागत नाही. एकूण आठ. समुद्रात बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, तेव्हा १५ युनिटांची पेटी हवी. १२५ किलो, म्हणजे दोन पर्यटक कमी, आणि पेटी ठेवायची मधल्या बाकाखाली, पिछाडीला नाही. चढ चढण्यापुरती मोटर ३० किलोवॅट देणारी हवी. खाऱ्या पाण्यात जोडण्या बंदिस्त ठेवणं हे वेगळं काम; ते पावसाळ्यात, बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना करता येतं.

एवढ्यात एक फेरी बसते. दुसरीला पेटी पुरत नाही. धक्क्यावरच्या १६ अँपियरच्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट आत जातात, म्हणजे आठ युनिट भरायला पावणेतीन तास. सकाळी आठची फेरी नऊला परतली, तर पुढची पावणेबाराला. डिसेंबरात त्याच बोटीच्या दुपारपर्यंत चार फेऱ्या होतात.