मोटरहोम, जुने व लहान : देखभाल आणि सुधारणा

व्हॅनच्या किंवा हलक्या पिकअप ट्रकच्या चॅसीवर (इंजिन व चाके असलेल्या सांगाड्यावर) झोपण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय बसवलेले, साधारणपणे सहा मीटरांच्या आतबाहेर लांबीचे वाहन. या नोंदीत वीस वर्षांपेक्षा जुन्या वाहनांचा विचार केला आहे. यात वेगवेगळ्या गतीने म्हाताऱ्या होणाऱ्या तीन गोष्टी एकाच सांगाड्यावर असतात : ट्रकची यंत्रणा; लाकूड, फोम आणि पत्रा यांचे घर; आणि गॅस, वीज व पाण्याची जोडणी. इंजिन उतरवून नवे करता येते, कुजलेले घर मात्र बहुधा वाहनाच्या किमतीपेक्षा महाग पडते. म्हणून आधी ओल, मग वजन व मागील अ‍ॅक्सल (मागच्या चाकांचा आस), त्यानंतर ब्रेक, इंधन आणि गॅस, आणि सर्वांत शेवटी वीज व सुखसोयी, असा कामाचा क्रम धरावा. प्रत्यक्षात बहुतेक जण सोलर पॅनेलपासून सुरुवात करतात आणि भोके पाडून नवी ओल आत घेतात.

उगम : या वाहनप्रकाराच्या आरंभाबद्दल एकमत नाही. स्कॉटिश डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी १८८५ च्या सुमारास बांधलेली ‘वाँडरर’ ही हौशी प्रवासाची पहिली फिरती गाडी म्हणून काही जण सांगतात. पण ती घोडे ओढत. स्वतःच्या इंजिनावर चालण्याची अट लावली, तर १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडलेल्या पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ‘टूरिंग लँडाउ’कडे बोट दाखवले जाते. लहान मोटरहोमपुरते बोलायचे, तर मार्च १९५० मध्ये उत्पादन सुरू झालेली फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन आणि तिच्यासाठी जर्मनीतील वेस्टफालिया कारखान्याने १९५१ च्या सुमारास तयार केलेली काढता-घालता येणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’ येथून वंशावळ मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. वाहन एका कारखान्याचे आणि घर दुसऱ्याचे, ही विभागणी तेथे स्पष्ट दिसते. जुन्या मोटरहोमचे गंभीर दोषही याच विभागणीच्या रेषेवर सापडतात.

मागील अ‍ॅक्सल : त्याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेत १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत टोयोटाच्या हलक्या पिकअप चॅसीवर बांधली गेलेली ‘डॉल्फिन’, ‘सनरेडर’ इत्यादी मोटरहोम. यांतील अनेक जुन्या गाड्यांना पिकअपचाच पाच स्टडचा (चाक धरणाऱ्या बोल्टांचा) अर्ध-तरंगता अ‍ॅक्सल होता. या रचनेत आतला शाफ्ट (दांडा) चाक फिरवतो आणि बाहेरच्या टोकाच्या एकाच बेअरिंगमार्फत गाडीचा भारही पेलतो. घरबांधणी करणाऱ्यांनी अडॅप्टर लावून दोन्ही बाजूंना जोडचाके (एकाशेजारी एक दोन चाके) बसवली. त्यामुळे टायरची क्षमता वाढली, अ‍ॅक्सलची नाही. उलट भाराची रेषा बेअरिंगपासून बाहेर सरकून शाफ्टवरचा वाकवणारा जोर वाढला. परिणामी बेअरिंग तापणे, शाफ्ट तुटणे आणि चाकांसह शाफ्ट बाहेर येणे असे प्रकार घडले, आणि सुरक्षेच्या कारणावरून अ‍ॅक्सल बदलण्याची मोहीम घ्यावी लागली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील गाड्यांत साधारणतः सहा स्टडचा पूर्ण-तरंगता अ‍ॅक्सल आढळतो. त्यात हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) शाफ्टभोवतीच्या स्थिर नळीवरील दोन बेअरिंगांवर बसतो आणि शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम राहते.

केवळ चाकाचे नट मोजून थांबू नये, कारण चाके व अडॅप्टर बदललेले असू शकतात. पूर्ण-तरंगत्या अ‍ॅक्सलचा हब चाकाच्या मध्यातून पुढे आलेला असतो व त्याच्या तोंडावर शाफ्टच्या नटांचे वेगळे कडे दिसते. ते नट सोडले की चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट ओढून काढता येतो. ही खूण निर्णायक मानावी. पाच स्टडच्या अ‍ॅक्सलवर जोडचाके असतील, तर वरचा क्रम बाजूला ठेवून अन्य कोणत्याही सुधारणेआधी अ‍ॅक्सल बदलावा. बेअरिंग नवे घालून भागेल असे एक मत आहे. दोष बेअरिंगच्या वयात नसून भाराच्या मांडणीत असल्याने ते टिकणारे नाही. देखरेखीसाठी तीसेक किलोमीटर चालवून, शेवटचा थोडा भाग ब्रेक न वापरता, दोन्ही हबांचे तापमान ताडून पाहावे. एक बाजू स्पष्टपणे गरम असणे, किंवा ब्रेकच्या मागील पत्र्यावर तेल दिसणे, ही उघडून पाहण्याची वेळ होय.

वजन : टाक्या भरून, सामान व माणसांसह पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वजनकाट्यावर वेगवेगळा तोलावा, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल आपली मर्यादा ओलांडून गेलेला असू शकतो. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. मागच्या चाकांपलीकडे टांगलेले ओझे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पडते : चाकांमधील अंतर ३ मीटर असताना अ‍ॅक्सलच्या १ मीटर मागे ठेवलेले ६० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर ८० किलो टाकतात आणि पुढच्यावरून २० किलो उचलतात. सायकल-स्टँड किंवा मागची पेटी बसवण्याआधी हे गणित मांडावे. टायर नक्षी झिजण्याच्या आधीच वयाने जातात. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. सहा-सात वर्षांनंतर काळजीपूर्वक तपासणी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही खोल असली तरी बदल.

ओल : पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : छताच्या कडेच्या पट्ट्या, छतावरील झरोके, खिडक्यांचे वरचे कोपरे, ड्रायव्हरच्या डोक्यावरील पलंगाची पुढची बाजू, मागचे दिवे. डाग दिसतो ती जागा गळतीची असतेच असे नाही, कारण पाणी आतल्या पट्टीवरून उतरत जाते. टोचणीच्या ओलमापकाने आतून हातभर अंतराने नोंदी घ्याव्यात. १५ टक्क्यांपर्यंत लाकूड निरोगी. १५ ते २० वर लक्ष ठेवावे. २० च्या वर पाणी येत आहे असे धरावे. ३० च्या पुढे लाकूड बहुधा अंगठ्याने दबते. आतल्या अस्तरामागे धातूचा पापुद्रा असल्यास आकडा खोटा चढतो.

दुरुस्तीत सांध्यावरची पट्टी पूर्ण काढावी, जुना मसाला (सांधा बुजवणारे सीलंट) खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून स्टेनलेस स्क्रू हलके आवळावेत व दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावेत. ब्यूटाइल हळूहळू दबते, म्हणून एका दमात आवळलेला सांधा सैल राहतो. बाहेर आलेले ब्यूटाइल कापून कडेवर पॉलियुरेथेन सीलंटची रेघ ओढावी. सिलिकॉन वापरू नये. ते पाण्याला मागून वाट देते आणि त्याचा अंश राहिला की दुसरे काही चिकटत नाही. रबरी छतावर पेट्रोलजन्य द्रावक लावल्यास रबर फुगते. कुजलेले लाकूड निरोगी भागात किमान १० सेंमी आत जाऊन कापावे, उरलेले १५ टक्क्यांखाली वाळू द्यावे (यास आठवडे लागतात), आणि नवी लाकडी पट्टी १:८ उताराच्या (जाडीच्या आठपट लांब) तिरप्या सांध्याने जोडावी. ओल्या लाकडावर इपॉक्सी ओतणे म्हणजे ओल आत कोंडणे.

इंजिन, ब्रेक, इंधन : येथे चॅसीनिहाय ज्ञान लागते. टोयोटाच्या २२आर मालिकेच्या (२,३६६ घसेंमी) इंजिनात टायमिंग चेनचे (व्हॉल्व्हची वेळ साधणाऱ्या साखळीचे) प्लास्टिकचे गाइड तुटतात. मग सैल चेन पुढचे झाकण घासत जाते, भोक पडते आणि कूलंट तेलात मिसळते. थंड इंजिन सुरू होताना पुढून खडखड आल्यास गाइड, चेन व टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) एकत्र बदलावेत. फोक्सवॅगनच्या तिसऱ्या पिढीतील पाण्याने थंड होणाऱ्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या) इंजिनात सिलिंडर हेडभोवतीच्या रबरी सीलपाशी गंज धरून गळती होते; फॉस्फेटविरहित कूलंट दर दोन वर्षांनी बदलणे हाच उपाय. ब्रेक फ्लुइडही दोन वर्षांनी. जुने रबरी ब्रेकपाइप आतून फुगतात, त्यामुळे पाय काढल्यावरही चाक धरून राहते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने इंधनपाइप तडकतात, आणि इंजिन बंद कप्प्यात असलेल्या व्हॅनमध्ये आगीचे हे नेहमीचे कारण आहे.

गॅस : नळीवरील तारीख पाहावी, दहा वर्षांवरील नळी बदलावी. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, ज्योतीने कदापि नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगतची छिद्रे तो बाहेर जाण्यासाठी असतात. थंडी लागते म्हणून ती बुजवलेली आढळतात. हा प्राणघातक प्रकार आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावाच.

जुना शोषण-फ्रिज (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा; बाल्ट्झार फॉन प्लाटेन व कार्ल मुन्टर्स या स्वीडिश अभियंत्यांची १९२२ ची रचना) सपाट जागी न ठेवता चालवल्यास त्याच्या बॉयलरमध्ये क्रोमेटचा (गंजरोधक क्षाराचा) थर बसून अभिसरण थांबते, आणि तो दुरुस्त होत नाही.

वीज : काम तांब्यापासून सुरू करावे, बॅटरीपासून नाही. बरेच बिघाड गंजलेल्या अर्थिंगचे निघतात. १२ व्होल्टवर तारेची जाडी निर्णायक ठरते. बॅटरी ५ मीटर दूर असता, म्हणजे जाता-येता १० मीटर तारेत, २० अँपिअरला ६ चौमिमी तार सुमारे ०.५८ व्होल्ट खाते. १० चौमिमी तार ०.३५. दुसरी तार ३ टक्क्यांच्या मर्यादेत बसते, पहिली बसत नाही. फ्यूज बॅटरीपासून २० सेंमीच्या आत हवा, कारण तो उपकरणाचे नव्हे, तारेचे रक्षण करतो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरल्यावर विश्रांतीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी असता १२.१ च्या आसपास. अर्ध्याखाली उतरवल्यास आयुष्य घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आहे व मागच्या अ‍ॅक्सलला दिलासा देते. मात्र तिचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती ४०-६० अँपिअरच्या जुन्या अल्टरनेटरला सतत पूर्ण भारावर राबवते, आणि अल्टरनेटर जळतो. मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घालावा. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये. जुन्या अमेरिकी गाड्यांतील गुणगुणणारा कन्व्हर्टर (घरगुती विजेचे १२ व्होल्ट करणारे यंत्र) व्होल्टेज आवरत नाही व बॅटरीचे पाणी उकळवतो. तो आधी बदलावा. छतावरील पॅनेल शक्यतो चिकटवावे, स्क्रू टाळावेत.

पाणी : ५ टक्क्यांचे ब्लीच लिटरमागे १ मिलि टाकून, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत चालवून चार तास ठेवावे व धुऊन टाकावे. राखाडी रंगाचे पॉलिब्युटिलीन पाइप असल्यास त्यांच्या जागी पेक्स (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन) पाइप घालावेत. पंप कोणी नळ न उघडता अधूनमधून वाजत असेल, तर कोठेतरी गळती आहे. गोठणाऱ्या हवामानात टाकी, हीटर व पंप तिन्ही रिकामे करावेत. पंपात राहिलेले घोटभर पाणीही त्याचे झाकण फोडते.